हाताच्या मापाचं पेन

काशी, तुझ्या जलदानाच्या कार्यक्रमात मी मारामारी केली. हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो, म्हणजे निदान एक गोष्ट तरी मी होऊन तुला सांगितली असं होईल. वंदना संपली होती, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या जळत होत्या, मांडवात पत्रावळी मांडायला सुरुवात झाली होती आणि हणमंत आला. तोच, ज्यानं चार वर्षांपूर्वी पोस्टाच्या पायरीवर तुझा उजवा हात पान्यानं ठेचला. त्यानं पांढऱ्या फुलांचा हार घातला, हात जोडले आणि ढसाढसा रडायला लागला. मला ते सोसलं नाही. मी उठलो, त्याची कॉलर धरली आणि ठेवून दिली. फोर्ज शॉपमध्ये अठरा वर्षं हॅमरवर काढलेला हात आहे माझा, जबड्यावर बसला तेव्हा आवाज झाला. दुसरी नाकावर. तो पडला, मी त्याच्या छातीवर बसलो, आणि खरं सांगतो, तुला पोचवून आल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

चौघांनी मला ओढून काढलं. हणमंत तोंडातलं रक्त थुंकला आणि म्हणाला, "मार ग्यानबा, आजून मार. म्या त्याचा हात मोडलाय, मी कुटं न्हाई म्हंतोय? पन त्या दिवशी आमी त्याला हुडकत नव्हतो. त्यो चऱ्होलीला बहिणीकडं हाय, हे समद्यांस्नी ठावं हुतं. आमी आपलं च्या प्यायला निगालो हुतो. त्यो तितं आलाच कसा? कुनी बोलावला त्याला?"

माझा उगारलेला हात खाली आला. लोकांना वाटलं ग्यानबा दमला. सुमन वहिनी दारात उभ्या होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या. मी चपला शोधायचं निमित्त करून मांडवाबाहेर गेलो.

कुणी बोलावला, हे मला माहीत आहे. चार वर्षं माहीत आहे. तुझ्याबरोबर आठवड्यातून तीनदा चहा प्यायलो, तुझ्या पोरीच्या लग्नात वरातीपुढे नाचलो, कावीळ झाली तेव्हा तुझ्या उशाशी बसलो, आणि सांगितलं नाही. आता सांगतो. तू ऐकायला नाहीस म्हणून माझं तोंड उघडतंय, इतका मी भेकड आहे.

तसं आपलं सगळं थोबाडीपासूनच सुरू झालं होतं. पासष्टच्या लढाईचं वर्ष असेल. कंपनी नवी होती, थेरगावची आमच्या घरची जमीन अर्धी गेली होती आणि मी नुकताच हॅमरवर लागलो होतो. कँटीनमध्ये ओव्हरटाइमचा फॉर्म भरत बसलो होतो. हातात आमच्या आण्णांचं जुनं शाईचं पेन. निब फाकलेली, कागद ओरबाडत होतो. तू पलीकडच्या बाकावरून उठलास आणि न विचारता माझ्या हातातून पेन काढून घेतलंस. "कामून हाल करतो रं त्याचे?" म्हणालास. मेलेल्या बापाचं पेन. मी विचार केला नाही, कानाखाली वाजवली. तू गाल चोळलास, पेन सोडलं नाहीस, आणि म्हणालास, "मारून झालं आसंल तर जेवनाच्या सुट्टीत टूलरूमला ये."

आलो. तू डायवरचे बारीक ओरखडे बघायचं भिंग डोळ्याला लावून बसला होतास. निबेच्या दोन्ही पाती नखानं दाबत, तेलाच्या दगडावर तिचं टोक आठच्या आकड्यात फिरवत. बीडकडचा काळा, किडमिडीत माणूस, आणि बोटं अशी चालत होती की मी भांडण विसरलो. दहा मिनिटांनी पेन दिलंस. मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा माझी सही मला वाचता आली. "निबेला तुज्या हाताची सवय लागू दे," म्हणालास, "आन हातूडा हानल्यासारखं दाबू नको." तिथून मला तुझं वेड लागलं. पेनाचं म्हण, पण मी ते वेगळं करू शकत नाही.

लोकांना दारू लागते, मटका लागतो. आपल्याला हे लागलं. दर रविवारी सायकली हाणत जुन्या बाजारात. बाहेरदेशचं पेन तर दुकानात मिळायचंच नाही, आणलं तर चोरून आणलेलं. आपण ढिगाऱ्यातून कुणा मेलेल्या वकिलाचं, कुणा साहेबाच्या बंगल्यातून गड्यानं विकलेलं असलं काहीतरी हुडकायचो. नव्यासाठी कारागिरांना पत्रं टाकायची आणि वाट बघायची. ती वाट बघण्याची मजा आपल्या बायकांना कधी समजली नाही. माझी तर सरळ म्हणायची, "एक हात आन धा पेनं, काय लोनचं घालायचंय व्हय?" शॉपमधले सगळे बॉलपेनावर गेले तरी आपल्या दोघांच्या खिशाला निळा डाग असायचाच.

आणि आपला नियम. नवं पेन आलं की पार्सल ज्याचं त्यानंच फोडायचं, दुसऱ्यानं त्या वेळी हजर असायचं. शाई दुसऱ्यानं भरायची आणि पहिली ओळ दुसऱ्यानं लिहायची. मालकानं ती ओळ जपून ठेवायची, काहीही असली तरी. तू लिहायचास, 'या पेनाचा मालक रेडा आहे आणि रेड्याच्या हाती हे पेन देणारा महारेडा.' मी लिहायचो, 'बीडचा चोर.' एकदा मी सुट्टीवर गावी होतो आणि तुझं एक हिरवं पेन आलं. तू अकरा दिवस दोरीसुद्धा सोडली नव्हतीस. उशाशी घेऊन झोपायचास म्हणे. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, लवकर येत जावा, घरात सवत आल्यासारकं झालंय."

मग आंध्रातल्या त्या म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता तुला कुठून तरी लागला. हातानं लेथ फिरवून एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची पेनं काढणारा. एका वेळी एकच करायचा, आणि हाताचं माप मागायचा. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं कड काढायची, चारपाच ओळी लिहायच्या, दोन्ही पाठवायचं. तुझा पंजा मीच काढला, टूलरूमच्या बाकावर. तू हसत होतास, पेन्सिलीच्या गुदगुल्या होतात म्हणून. तर्जनीवर जुन्या कापल्याचा वण होता, तोसुद्धा तू मला कागदावर दाखवायला लावलास. "त्येला कळू दे, ह्यो कामगाराचा हात हाय," म्हणालास. पाकीट गेलं. म्हाताऱ्याचं कार्ड आलं, वर्षभर थांबावं लागेल. आपण खूश. वर्षभर पुरेल एवढी वाट.

त्या वर्षात कंपनीत सगळं पेटलं. नवी युनियन आली, तू तिच्या कमिटीवर गेलास. मी जुनीतच राहिलो. का राहिलो ते तेव्हाही धड सांगता आलं नव्हतं. माझे चुलते त्यात होते, आमच्या गावची पोरं त्यात होती, एवढंच. आपण टूलरूममागे त्यावरून किती भांडलो. तू म्हणायचास, "तुमची युनियन सायबाच्या खिशात हाय." मी म्हणायचो, "तुमचा पुढारी बाहेरनं आलाय, उद्या गाडीत बसून जाईल, मार आपण खाऊ." हे भांडण आपलं तसंच राहून गेलं, राव. आज विचारशील तर तू निम्मा बरोबर होतास आणि मीही निम्मा बरोबर होतो. मार आपणच खाल्ला.

एका सकाळी गेटवर तू पिंपावर उभा राहून बोललास. जुन्या युनियनवाल्यांना विकलेली ढोरं म्हणालास. समोर मी होतो. तुला दिसलो होतो, तरी म्हणालास. मी गर्दीतून पुढे आलो, तुला पिंपावरून खेचलं आणि सगळ्यांदेखत मुस्काडीत दिली. ही दुसरी. पहिलीला तू मला टूलरूमला बोलावलं होतंस. या खेपेला नुसतं बघितलंस. मग दोन्हीकडून दगड सुरू झाले. सायकलींच्या चेन निघाल्या, वॉचमनचं डोकं फुटलं, आमच्याच एका पोराचा डोळा गेला. मीही मारलं. कुणाला मारलं ते सांगता येणार नाही, समोर आलेल्या बरगड्यांत लाथा घातल्या. आठवडाभर हेच चाललं होतं. नव्या युनियनच्या कमिटीवाल्यांना आमची माणसं एकेकटं गाठून फोडत होती आणि फोडणाऱ्यांत हणमंत पहिला. तू चऱ्होलीला बहिणीकडे निघून गेलास.

आणि तेव्हाच पार्सल आलं. व्ही.पी.चं पार्सल पोस्टात सात दिवस ठेवतात, मग माघारी जातं. चिठ्ठी तुझ्या घरी आली, वहिनींनी तुला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी तुझा भाचा थेरगावात येऊन माझ्या हातात पाकीट देऊन गेला. आत पोस्टमास्तरांच्या नावानं अधिकारपत्र, खाली तुझी झोकदार सही, पोस्टाची चिठ्ठी, भरायचे पैसे, आणि माझ्यासाठी एक ओळ. 'ग्यानबा, मला यायला जमणार नाही. तूच सोडव, तूच फोड, तूच लिही.'

कुणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं? तडक पोस्टात गेला असता. मी ते पत्र वाचलं आणि माझं डोकं सणकलं. मला वाटलं, याला माझं तोंड बघायचं नाही. वर्षभर वाट बघितलेलं पेन, आणि हा म्हणतो तूच फोड. म्हणजे नियम मोडला, म्हणजे आपलं संपलं. मला एवढं कळलं नाही की तू नियम मोडत नव्हतास, तू मला ते पेन सगळंच्या सगळं देत होतास, मी थोबाडीत मारल्यावरसुद्धा. ते मला कळायला तुझं रक्त बघावं लागलं.

दोन दिवस मी ते पत्र खिशात घालून फिरलो. पोस्टावरून दोनदा गेलो, आत गेलो नाही. मग तुझ्या भाच्याकडे उलटा निरोप दिला. 'पोस्टमास्तर म्हणतात हे पत्र चालणार नाही. ज्याचं पार्सल त्यानं स्वतः यावं. उद्या शेवटचा दिवस, नाहीतर माघारी जाईल. दुपारी ये, त्या वेळी आमची माणसं शिफ्टमध्ये असतात, मी पोस्टात थांबतो.'

हे खोटं होतं, काशी. मला तू यायला हवा होतास. तुझ्यासमोर उभं राहून चुकलो म्हणायचं होतं, आणि ते मला पेनाच्या आडोशाशिवाय म्हणता आलं नसतं.

तू आलास. डोक्याला मफलर गुंडाळून, बहिणीच्या सायकलवरून. मला बघून म्हणालास, "कसा हाय रं रेड्या?" मी नुसते तुझे पैसे आणि पोस्टाची चिठ्ठी तुझ्या हातात दिली. काउंटरवर कारकून होता, पोस्टमास्तर दातार आत टेबलाशी काहीतरी मोजत होते. तू पैसे भरलेस, सही केलीस, पार्सल घेतलंस. मग आत मान वळवून म्हणालास, "मास्तरला इचारतो जरा, माज्या सहीच्या चिठ्ठीला काय झालतं." "राहू दे राव, चल लवकर, बाहेर चहावर फोडू," असं म्हणत मी तुझ्या दंडाला धरून तुला जवळजवळ ढकलत बाहेर काढलं. तू दोन मिनिटं आत भांडला असतास तर ते लोक पुढे निघून गेले असते.

पायरीवरच समोर आले. सात जण, कामावर असायला हवे होते, पण त्या दिवशी काम बंद पडलं होतं. हणमंतानं मफलर ओढला. पहिला पाइप तुझ्या गुडघ्यावर बसला, तू खाली आलास. मी मध्ये पडलो. एकाला लोळवला, एकाच्या मनगटाला चावलो, मग माझ्या डोक्यात मागून काहीतरी बसलं आणि मी भिंतीला गेलो. डोळ्यांत रक्त येत होतं, तरी दिसत होतं. तू पार्सल पोटाशी धरून अंग मुडपलं होतंस. एक हात डोक्यावर घ्यायचा सोडून दोन्ही हातांनी पार्सल धरलं होतंस. बरगड्यांत लाथा बसत होत्या तरी सोडत नव्हतास. त्यांना वाटलं पत्रकं असतील नव्या युनियनची. हणमंत ओरडला, "हात काडा त्याचा! लई लिवतोय भडवा!" दोघांनी उजवा हात उपसून काढला, पायरीच्या दगडावर धरला. पाना तीनदा खाली आला. तू दुसऱ्या वेळेला ओरडलास, तिसऱ्याला ओरडला नाहीस. मी हॅमरखाली तापलेलं लोखंड बसताना रोज बघतो. माणसाचा हात असा बसतो हे मला माहीत नव्हतं.

दातार मास्तर बाहेर धावत आले. त्यांनी स्वतःचं धोतर फाडून तुझा हात बांधला. हे तुला कधी कळलं नाही, तू शुद्धीवर नव्हतास. मला कळलं होतं, आणि मी तेही सांगितलं नाही.

पेनाला ओरखडासुद्धा नव्हता. लाकडाची डबी, आत कापूस, कापसात काळं तुकतुकीत पेन, तुझ्या पंजाच्या मापाचं. दवाखान्यात तू डाव्या हातानं आणि दातांनी डबी फोडलीस, मला बाजूला बसवून. दोन बोटं काढून टाकलेली, बाकीची मिटतच नव्हती. तू ते पेन बँडेजवर ठेवून बराच वेळ बघत राहिलास. मग टोपण लावलंस. "मास्तरानं चिठ्ठी घेतली आस्ती तर?" म्हणालास. तेव्हा सांगायचं होतं मी. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो, "नियमावर बोट ठेवणारी माणसं असली, काय करणार?"

त्या एका वाक्यानं मी एका माणसाला तुझ्या तोंडी दिलं. पुढे चार महिन्यांनी टूलरूमनं तुला स्टोअरमध्ये पाठवलं, बाकावर पाट्या चिकटवायला. त्याच दिवशी तू कंपनीतून थेट पोस्टात गेलास, मी मागोमाग. तू दातारांना विचारलंस, "माजी सही न्हवती का त्या चिठ्ठीवर?" ते गोंधळले. म्हणाले, "कसली चिठ्ठी? मला आठवत नाही हो." काउंटरवर लोकांसाठी काचेची जाड दौत ठेवलेली असायची. तू ती डाव्या हातानं उचललीस आणि भिरकावलीस. त्यांच्या कपाळावर फुटली. निळं आणि लाल एक होऊन त्यांच्या सदऱ्यावर उतरलं. ते खाली बसले आणि पुन्हा म्हणाले, "खरंच आठवत नाही." आणि मी, काशी, मी काउंटरवर मूठ आपटून ओरडलो, "खोटं बोलतोय हा!"

त्यांनी तुझा हात बघितला आणि पोलिसात तक्रार दिली नाही. पण वरच्या ऑफिसातून चौकशी आली. जबाब लेखी हवा होता. तू ती लाकडाची डबी घेऊन माझ्या घरी आलास. डाव्या हातानं शाई भरलीस, अर्धी चटईवर सांडली, आणि पेन माझ्यापुढे धरलंस. "शाई तू भरायचीस. पन आसू दे. पैली वळ तुजी. लिही, मास्तरानं काय केलं ते." मी लिहिलं. इतकं गुळगुळीत पेन मी जन्मात हातात धरलं नव्हतं, कागदावर टेकल्याचं कळतसुद्धा नव्हतं. त्याची पहिली ओळ ही की, अधिकारपत्र दाखवूनही पोस्टमास्तरांनी पार्सल देण्याचे नाकारले. खाली माझी सही, वाचता येणारी. दातारांची बदली झाली, बढती अडली ती अडलीच.

तू डाव्या हातानं लिहायला शिकलास. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं, पण शिकलास. हणमंताला कंपनीनं काढलं, त्याचं पोर आजारी पडलं, तेव्हा तू त्याच्या घरी गेलास. मी तुला शिव्या घातल्या. तू म्हणालास, "त्यो वैरी व्हता, वैऱ्यासारका वागला. त्यात काय मनात धरायचं?" पण पोस्टावरून जाताना मात्र तू रस्त्याच्या पलीकडे जायचास, आणि थुंकायचास. दरवेळी. मी बाजूला चालत असायचो. कधी कधी तुझ्याबरोबर मीही थुंकलो आहे.

परवा मांडवातलं निस्तरल्यावर सुमन वहिनींनी मला आत बोलावलं. हणमंताच्या प्रश्नाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. एक बंद पाकीट हातात दिलं. त्यावर तुझ्या डाव्या हातानं दातारांचं नाव. "कावीळ वाढल्यावर चार दिस लिवत व्हते," म्हणाल्या. "भावजी, मास्तर देहूला ऱ्हातात म्हनं. तुमीच न्हेऊन द्या, आसं सांगून गेलेत." मी तिथंच बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, भांड्यांच्या ढिगाऱ्याशी जाऊन बसल्या आणि मागे वळून न बघता म्हणाल्या, "पत्र तेवडं पोचवा. परत या घरात येऊ नका."

काल मी देहूला गेलो. दातार आता रिटायर झालेत, ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. कपाळावर वण आहे, आत शाई राहून तो निळसरच झालाय. मी खिशातून दोन कागद काढले. तुझं पाकीट, आणि चार वर्षं माझ्या पेटीत असलेलं तुझं अधिकारपत्र, घड्या पडलेलं, पोस्टाच्या काउंटरवर कधीच न गेलेलं. आणि उभ्याउभ्याच बोललो. मध्ये थांबलो असतो तर पुढचं बोललो नसतो. मला वाटत होतं म्हातारा उठेल, काठी घालेल. मी पागोटं काढून डोकंही पुढे केलं होतं, खरंच.

त्यांनी आधी अधिकारपत्र वाचलं, चष्मा वर करून, पुरतं. "हे मी घेतलं असतं," म्हणाले. "सही बघितली असती आणि पार्सल दिलं असतं. अहो, आपल्याकडं अर्ध्या गावाची पार्सलं दुसरेच न्यायचे." मग तुझं पाकीट फोडलं. वाचलं. कागद माझ्यापुढे धरला. तुझी मोठी मोठी वाकडी अक्षरं.

'दातार साहेब, मी तुमचं डोकं फोडलं, त्याची माफी मागतो. ते करायला नको होतं. माझा हात ज्यानं मोडला त्याला मी माफ केलं, तो वैरी होता. तुमचं माझं काहीच वाकडं नव्हतं. तुम्हाला फक्त एका चिठ्ठीला हो म्हणायचं होतं. तुम्हाला माफ करायचा लई प्रयत्न केला. जमलं नाही. काशिनाथ.'

दातारांनी कागद परत घेतला. मग आतून पेन्सिल मागवली. कागदाची घडी घालून पुन्हा पाकिटात सरकवली. चुकीच्या पत्त्यावर आलेल्या टपालाचं करायचे तसं त्यांनी पाकिटावरचं स्वतःचं नाव एका सरळ रेघेनं खोडलं, वर माझं नाव लिहिलं, आणि विचारलं, "थेरगावच ना?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं.

काशी, तुझं पत्र मला मिळालं.